हा कोण? एका वाणी किड्याचं नाव आणि मुंबईतली एक संस्था

भर पावसाळ्यात पश्चिम घाटाच्या दमट रानात पाचोळा हाताने बाजूला सारला, तर कधी कधी एक गोटी सापडते. तपकिरी, गुळगुळीत, नुकतीच घासून पुसून ठेवल्यासारखी. ती उचलून तळहातावर ठेवावी आणि हात न हलवता धीर धरावा. दोन-तीन मिनिटांनी गोटीला बारीकशी फट पडते. फटीतून दोन आखूड मिशा बाहेर येतात, हवा चाचपतात, पुन्हा आत जातात. मग गोटी उलगडते, आणि पायांची दाट रांग तळहातावरून चालू लागते. बोटाने जरा टोचलं की लगेच पुन्हा गोटी.

नीट पाहिलं तर या गोटीची घडण थक्क करणारी आहे. मानेवर एक लहान पट्टी. तिच्यामागे एक रुंद ढाल आणि त्या ढालीच्या कडेला खाचा. अंग मिटताना पाठीवरच्या पट्ट्यांची टोकं या खाचांत बरोबर बसतात. शेवटची ढाल घुमटासारखी. ती डोक्यावर झाकण घातल्यासारखी येते, आणि मुंगीलासुद्धा शिरायला जागा उरत नाही. मादीला पायांच्या २१ जोड्या असतात. नराला त्यापुढे आणखी दोन जोड्या, पण त्या चालण्यासाठी नाहीत. चिमट्यासारखे हे अवयव मीलनाच्या वेळी उपयोगी पडतात. डिवचल्यावर दर्प सोडण्याच्या ग्रंथी बऱ्याच वाणी किड्यांना असतात, या गटाला त्या नाहीत. गोळी होणं हेच याचं संरक्षण.

मराठीत वाणी, पैसा ही नावं आपण मिलिपीडच्या साऱ्या गोतावळ्याला सरसकट देतो. अंगाचं वेटोळं करून नाण्यासारखा पडतो म्हणून पैसा. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय, आणि याच्या अंगाच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या. आपली भाषा मात्र सरपटणाऱ्या साऱ्या बारक्या जिवांना मायेने किडाच म्हणते, तेव्हा आपणही तसंच म्हणू. गोटी होणाऱ्या या किड्याला सोयीसाठी गोळीवाणी म्हणू या. शास्त्रातलं त्याच्या प्रजातीचं नाव आर्थ्रोस्फेरा. ग्रीक भाषेत आर्थ्रॉन म्हणजे सांधा आणि स्फेरा म्हणजे गोळा. सांध्यांचा गोळा. तळहातावरची गोटी आठवली की नाव किती चपखल आहे ते कळतं.

हे नाव लंडनमध्ये ठेवलं गेलं. पण भारतातल्या गोळीवाण्यांची पहिली सविस्तर मांडणी छापली गेली ती मुंबईत, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. वाघ, पक्षी, माळढोक, सलीम अली या नावांमुळे ही संस्था महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिने एका पाचोळ्यातल्या जिवाची नोंद कशी राखली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मला तिच्या वाटचालीचं मर्म या गोष्टीत दिसतं.

भायखळ्यातले आठ जण

१५ सप्टेंबर १८८३ या दिवशी मुंबईत आठ माणसं एकत्र आली. डॉ. डी. मॅकडोनाल्ड, ई. एच. एटकन, कर्नल सी. स्विन्हो, जे. सी. अँडरसन, जे. जॉन्स्टन, डॉ. जी. ए. मॅकोनॅकी, आणि दोन मराठी डॉक्टर: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. सखाराम अर्जुन हे वैद्यकाचे आणि वनस्पतींचे जाणकार. ज्या रखमाबाईंच्या खटल्याने पुढे सारा देश ढवळून निघाला, त्यांचे ते सावत्र वडील. संस्था स्थापन झाल्यावर दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, ते वारले.

संस्थेचा हेतू साधा होता. निसर्गात जे दिसलं त्याची एकमेकांना माहिती द्यायची, आणि जो नमुना हाती लागला तो बैठकीत आणून सगळ्यांना दाखवायचा. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये होत. आज आपण ती वास्तू डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखतो. टेबलावर ठेवलेला साप असो, फुलपाखरू असो की विंचू, बैठकीतला पहिला प्रश्न ठरलेला असणार: हा कोण? या आठ जणांत कुणी डॉक्टर होतं, कुणी लष्करात, कुणी सरकारी खात्यात. एटकन जकात आणि मीठ खात्यात नोकरीला होते, आणि ‘ईएचए’ या सहीने घराभोवतीच्या जिवांवर लिहीत. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून फावल्या वेळात निसर्ग पाहणाऱ्या माणसांनी ही संस्था उभी केली, आणि पुढची कित्येक वर्षं तिचा भार अशाच माणसांनी वाहिला.

दारूच्या दुकानातली खोली

बैठकांना आणि वाढत्या नमुन्यांना जागा हवी होती. ती दिली हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन यांनी. हे मुंबईतले मद्याचे व्यापारी. जानेवारी १८८४ मध्ये त्यांनी कोटातल्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या १८ क्रमांकाच्या आपल्या जागेतली खोली संस्थेला दिली. १८८६ मध्ये संस्था ६, अपोलो स्ट्रीट इथे गेली आणि त्याच वर्षी फिप्सन मानद सचिव झाले. पुढची २० वर्षं त्यांनी हे काम सांभाळलं. त्यांच्या पत्नी डॉ. एडिथ पीची-फिप्सन यांनी कामा हॉस्पिटलमध्ये काम केलं, आणि डॉक्टर होऊ पाहणाऱ्या रखमाबाईंना त्यांनीच मोठा आधार दिला. त्या काळच्या मुंबईत ही सगळी सूत्रं एकमेकांत अशी गुंतलेली होती.

१८८६ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचं. त्या जानेवारीत संस्थेचं नियतकालिक, म्हणजे ‘जर्नल’, सुरू झालं. एटकन आणि आर. ए. स्टर्नडेल हे पहिले संपादक. बैठकीतलं बोलणं हवेत विरतं, नमुन्याला कसर लागते, माणसं बदलून जातात किंवा मरण पावतात. छापलेलं पान मात्र जगभर पोचतं आणि टिकतं. प्राण्याला दिलेलं नाव रीतसर प्रसिद्ध झाल्याशिवाय शास्त्र ते नाव मानत नाही. तेव्हा ज्या संस्थेकडे नमुने होते, तिच्याकडे आता नाव छापण्याची सोयही झाली.

त्या कार्यालयाचं चित्र डोळ्यांसमोर आणायचं तर विल्यमला विसरून चालणार नाही. विल्यम म्हणजे कारवारहून आलेला धनेश. १८९४ मध्ये तो अगदी पिल्लू असताना संस्थेकडे आला आणि २६ वर्षं फिप्सन यांच्या खुर्चीमागच्या जागेत राहिला. फळं खायचा, टेनिसचा चेंडू चोचीत झेलायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं लक्ष वेधून घ्यायचा. १९२० मध्ये तो गेला. संस्थेच्या बोधचिन्हावर धनेश आहे आणि तिच्या आजच्या वास्तूचं नाव हॉर्नबिल हाऊस आहे, ते त्याच्यामुळेच. याच कार्यालयातून गोळीवाण्यांवरचा मजकूर छापखान्याकडे गेला तेव्हा विल्यम पाच वर्षांचाही नव्हता.

लंडनचा तरुण आणि दक्षिणेकडून आलेल्या बाटल्या

रेजिनल्ड इनिस पोकॉक यांचा जन्म १८६३ चा. १८८५ मध्ये ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला लागले. कोळी, विंचू, गोम आणि वाणी यांचा सांभाळ त्यांच्याकडे होता. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून त्यांच्याकडे नमुने येत. हिंदुस्थानातून येणाऱ्या नमुन्यांमागे बहुतेक वेळा एखादा वनअधिकारी, मळेवाला किंवा संग्रहालयाचा अधीक्षक असे.

१८९२ मध्ये पोकॉक यांचा ४४ पानांचा एक लेख मुंबईच्या जर्नलच्या सातव्या खंडात आला. त्यात दोन संग्रहांचा अहवाल होता. एक सिलोनहून ई. ई. ग्रीन यांनी पाठवलेला, दुसरा दक्षिण हिंदुस्थानातून एडगर थर्स्टन यांनी जमवलेला. ग्रीन हे पिकांवरच्या किडींचे अभ्यासक. थर्स्टन मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे अधीक्षक होते, आणि दक्षिणेतल्या जाती-जमातींवरच्या त्यांच्या ग्रंथासाठी ते पुढे ओळखले गेले. म्हणजे जमवणारे सिलोन आणि मद्रासकडचे, पारखणारा लंडनचा, आणि छापणारी संस्था मुंबईची. नाव ठेवणाऱ्या एकाचीच सही प्राण्याच्या नावापुढे लागते. त्यामागे किती हात असतात, ते अशा लेखाच्या मथळ्यावरून कळतं.

आणखी एक गोष्ट मुंबईकरांनी लक्षात ठेवावी. पावसाळ्यात कुंड्यांखाली, बागेच्या ओल्या भिंतींवर जो तांबूस वाणी दिसतो तो बहुधा ट्रायगोनियुलस कोरालिनस. त्या प्रजातीचं, ट्रायगोनियुलसचं, नावही पोकॉक यांनीच १८९४ मध्ये दिलेलं. आपल्या दारातल्या किड्याच्या नावातसुद्धा या माणसाची पारख आहे.

नवं नाव कशासाठी?

१७५८ मध्ये लिनियसने प्राण्यांना दोन शब्दी नावं द्यायची पद्धत रूढ केली, तेव्हा त्याने वाणी किड्यांसाठी युलस ही एकच प्रजाती पुरेशी मानली. त्याला ठाऊक असलेले वाणी मोजकेच होते. आज जगात वाणी किड्यांच्या सुमारे १२ हजार जातींची नोंद झाली आहे. पसारा वाढला तसं ते एकच गाठोडं सोडून पुन्हा पुन्हा बांधावं लागलं. गोटी होणाऱ्या मोठ्या वाण्यांसाठी १८३२ मध्ये ग्रे यांनी झेफ्रोनिया ही प्रजाती मांडली. पुढच्याच वर्षी ब्रांट यांनी स्फेरोथेरियम मांडली. त्यानंतर साठेक वर्षं आफ्रिका, मादागास्कर, हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया कुठूनही असा गोल किडा आला की तो बहुतेक वेळा या दोनांपैकी एका नावाखाली जाई.

इथे परिभाषा स्पष्ट करायला हवी. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत जाती म्हणजे एकाच प्रकारच्या प्राण्यांचा समूह, आणि एकमेकींच्या जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती. प्रजातीच्या वर कुल, त्याच्या वर गण. आपल्याकडे नावाआधी घराणं विचारतात, तसंच हे. प्रजातीचं नाव म्हणजे घराण्याचं नाव. ते बरोबर असेल तर त्यावरून नातं कळतं. चुकलं तर परके एका घरात येतात आणि सख्खे वेगळे पडतात.

पोकॉक यांनी नेमकं हेच नातं तपासलं. वरून गोल दिसणं हा नात्याचा पुरावा नव्हे, हे त्यांना कळत होतं. गोल होणारा एक लाकूडकिडाही बागेत सापडतो. त्याचे पाय सात जोड्यांचे आणि नातं खेकड्यांशी. म्हणून त्यांनी मिशांचं टोक पाहिलं, पायांच्या बुंध्याजवळच्या पट्ट्या पाहिल्या, नराचे मागचे चिमटे पाहिले. त्यावरून १८९५ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्यांनी या गटात नव्या प्रजाती मांडल्या. हिंदुस्थान-सिलोनकडच्या जातींना आर्थ्रोस्फेरा, मादागास्करच्या जातींना झूस्फेरियम.

योगायोग असा की १८९५ मध्येच नेदरलँड्समधल्या लायडन शहरात भरलेल्या प्राणिशास्त्र परिषदेने पाच जणांचा एक आयोग नेमला. प्राण्यांची नावं कशी ठेवायची याचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय आयोग तो हाच. त्याचे नियम १९०५ मध्ये छापून आले. आज जगभर चालते ती संहिता १९६१ मध्ये नव्याने सिद्ध झाली, आणि तिची चौथी आवृत्ती २००० सालापासून लागू आहे. दोन नावं भांडत असतील तर आधी छापलेलं नाव राहतं. प्रत्येक जातीसाठी एक प्ररूप नमुना राखून ठेवतात, आणि वाद झाला की नजर पुन्हा त्या नमुन्याकडे वळते.

या नियमांतली एक गोष्ट मराठी वाचकाला चटकन भावेल. आर्थ्रोस्फेरा हे नाव व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे जातीचं विशेषणही त्याच्याशी जुळवून घेतं. मोठी ती मॅग्ना, धुरकट ती फ्युमोसा, झेब्र्यासारखी ती झेब्रायका. ‘मोठा’चं ‘मोठी’ होतं तसंच. शिवाय झेब्रायका ही जाती १८७२ मध्ये बटलर यांनी नोंदवली, तेव्हा आर्थ्रोस्फेरा ही प्रजातीच नव्हती. म्हणून आज नाव लिहिताना बटलर आणि १८७२ हे दोन्ही कंसात घालतात. तो साधा कंस सांगतो की ही लेक आधी दुसऱ्या घरी होती, मग आपल्या घरी आली. तिला प्रथम कुणी ओळखलं, ते मात्र पुसलं जात नाही. जुन्या माणसाचं श्रेय राखण्याची ही रीत मला फार आवडते.

प्लेगच्या वर्षांतली २७ पानं

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि काही वर्षं ठाण मांडून बसला. लोक शहर सोडून गेले, गिरण्या ओस पडल्या, घरोघर माणसं दगावली. त्याच काळात संस्थेच्या जर्नलचा बारावा खंड निघत होता. १८९९ च्या त्या खंडात पोकॉक यांनी हिंदुस्थान, सिलोन आणि ब्रह्मदेशातल्या गोळीवाण्यांची सविस्तर मांडणी दोन हप्त्यांत छापली. पहिला हप्ता १७ पानांचा, दुसरा १० पानांचा. एकूण २७ पानं.

आजही भारतातल्या गोळीवाण्यांवर काम करणाऱ्याला या २७ पानांपासूनच सुरुवात करावी लागते. डालीई, डेव्हिसोनी, फ्युमोसा ही आज अभ्यासकांच्या तोंडी असलेली जातींची नावं त्या वर्षीची. अशा मांडणीत प्रत्येक जातीचा रंग, पट्ट्यांची ठेवण, पृष्ठभागावरचे खड्डे, केस, मापं आणि मिळाल्याचं ठिकाण असा तपशील लागतो. शंभर वर्षांनी दुसऱ्या कुणाला दुसऱ्या रानात तसाच किडा सापडला, तर त्याला हा तोच का, हे या ओळींवरून ठरवता आलं पाहिजे. त्यामुळे इथे एकेक शब्द तोलूनमापून वापरावा लागतो.

आणि ही पानं छापली कोणी? एका हौशी लोकांच्या संस्थेने. शिकारीच्या गोष्टी, साप, फुलपाखरं, पक्षी यांच्यावरचे लेख सभासद आवडीने वाचत. पाचोळ्यातल्या गोटीवरची २७ पानं वाचणारे सभासद किती असतील? तरी संपादकांनी जागा दिली. एखाद्या संस्थेची थोरवी मोजताना मी हीच कसोटी लावतो. लोकप्रिय नसलेल्या, पण पुढे लागणाऱ्या गोष्टीसाठी तिने आपलं पान खर्च केलं का? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केलं.

वाघाकडे वळलेली वाट

१९०४ मध्ये पोकॉक लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक झाले आणि त्यांचं लक्ष सस्तन प्राण्यांकडे वळलं. मुंबईतही तेच घडत होतं. १९०६ मध्ये फिप्सन इंग्लंडला परतले आणि कारभार डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्याकडे आला. १९०८ मध्ये एक मुलगा पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन संस्थेत आला. ही कोणती, एवढंच त्याला विचारायचं होतं. मिलर्ड यांनी त्याला नाव सांगितलं आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. तो मुलगा सलीम अली. भायखळ्याच्या बैठकीतला ‘हा कोण?’ हा प्रश्न या मुलाच्या तोंडी पुन्हा आला, आणि त्याला उत्तर देणारं माणूस संस्थेत हजर होतं.

१९११ पासून संस्थेने सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली. तिचे नमुने पारखणाऱ्यांत पुढे पोकॉकही आले. गोळीवाण्यांची नावं ठेवणारा हाच माणूस नंतर वाघांच्या उपजातींवर संस्थेच्या जर्नलमध्ये लिहू लागला, आणि १९३९ व १९४१ मध्ये हिंदुस्थानच्या सस्तन प्राण्यांवरचे त्याचे दोन खंड निघाले. संस्थेचे नमुने १९२३ पासून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागातही लोकांना पाहायला मिळू लागले. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय ते हेच.

वाणी किड्यांच्या अभ्यासाची धुरा मधल्या काळात इतरांनी उचलली. १९१६ मध्ये कोलकात्याला भारतीय प्राणिसर्वेक्षण विभाग स्थापन झाला. तिथल्या इंडियन म्युझियमच्या ग्रंथमालेत १९३६ मध्ये व्हिएन्नाचे कार्ल आटेम्स यांनी भारतातल्या वाणी किड्यांवर दोनशे पानांच्या घरातला ग्रंथ लिहिला. आर्थ्रोस्फेरा मॅग्ना ही जाती त्यातली. त्यांनीही पोकॉक यांचं प्रजातीचं नाव कायम ठेवलं, त्यात आपली भर घातली. एका संस्थेने काढलेला पाट दुसरीने पुढे नेला.

कुलाला मिळालेलं नाव

स्वातंत्र्यानंतर संस्था भारतीयांच्या हाती आली. सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांच्यासारख्यांनी ती तगवली. १९६५ मध्ये लायन गेटसमोर हॉर्नबिल हाऊस उभं राहिलं. १९७६ पासून ‘हॉर्नबिल’ हे त्रैमासिक सर्वसामान्य वाचकांसाठी निघू लागलं. पुढे गोरेगावला चित्रनगरीच्या परिसरात शिक्षण केंद्र सुरू झालं. संग्रहातल्या नमुन्यांची संख्या लाखाच्या वर गेली. जर्नल मात्र १८८६ पासून आजतागायत चालू आहे.

आर्थ्रोस्फेराचीही वाटचाल थांबली नव्हती. अ‍ॅम्स्टरडॅमचे येकेल यांनी वाणी किड्यांच्या प्रजातींच्या आणि कुलांच्या नावांची एक सूची केली. १७५८ पासून १९५७ च्या अखेरपर्यंत जगात छापलेलं प्रत्येक नाव शोधायचं, ते प्रथम कुठे आलं, त्याची मूळ जाती कोणती, हे तपासायचं. १९७१ मध्ये ती सूची निघाली. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत, पण त्याच्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. त्यांनीच १९७४ मध्ये गोळीवाण्यांच्या कुलांची फेरमांडणी केली, आणि भारत-मादागास्करच्या कुलाला आर्थ्रोस्फेरिडी हे नाव आर्थ्रोस्फेरावरून मिळालं. प्रजातीचं नाव आता कुलाचं झालं.

मग रेणूंचा जमाना आला. २०१० मध्ये वेझेनर आणि सहकाऱ्यांनी मादागास्करच्या गोळीवाण्यांचा डीएनए तपासला. मादागास्करमधली स्फेरोमायमस ही प्रजाती तिथल्याच झूस्फेरियमपेक्षा भारतातल्या आर्थ्रोस्फेराच्या अधिक जवळची निघाली. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून तुटले. गोळीवाणी काही समुद्र पोहून जाणारा नव्हे. तेव्हा आपल्या पाचोळ्यातली ही गोटी म्हणजे दोन भूभागांच्या ताटातुटीची जिवंत साक्ष आहे. या कुलातल्या नरांच्या चिमट्यांवर बारीक कंगोरे असतात. ते घासून नर आवाज काढतो. मादी घाबरून गोळी होऊन बसू नये म्हणून ही ओळखीची साद असावी, असं अभ्यासक मानतात.

२०१६ मध्ये गोलोवाच आणि वेझेनर यांनी भारतातल्या वाणी किड्यांची यादी प्रसिद्ध केली. किमान २७० जाती, ९० प्रजाती, २५ कुलं, ११ गण. पोकॉक आणि आटेम्स यांची शेकडो पानं त्या यादीच्या पायाशी आहेत. भारत आणि श्रीलंका मिळून आर्थ्रोस्फेराच्या सुमारे ४० जाती. त्यांतल्या कित्येकांबद्दल पहिल्या वर्णनापलीकडे फारसं काही लिहिलं गेलेलं नाही.

नाव कळल्याने काय होतं?

असा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. दोन उदाहरणं देतो.

मंगळूर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आर्थ्रोस्फेरा मॅग्नावर बरीच वर्षं काम केलं. सुपारीच्या बागांतला पालापाचोळा हा किडा खातो आणि त्याच्या विष्ठेच्या गोळ्यांतून उत्तम खत तयार होतं, हे त्यांनी दाखवलं. गांडूळखत आपल्याकडे घरोघर पोचलं, त्याच वाटेने उद्या वाणीखतही जाऊ शकेल. पण त्यासाठी कोणता वाणी, हे नेमकं सांगता यायला हवं. तिथे १९३६ चं नाव आणि १८९५ ची प्रजाती कामी येते.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. अलीकडच्या काही खरीप हंगामांत मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीन-कपाशीच्या कोवळ्या रोपांवर वाणी तुटून पडला. काही शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. कृषी विद्यापीठांनी उपायांचे सल्ले दिले. पिकावरचा तो वाणी आणि रानातला गोळीवाणी वेगळे. एक कोवळं रोप कुरतडतो, दुसरा पाचोळ्याची माती करतो. दोघांना एकच नाव देऊन सरसकट औषध मारलं, तर नुकसान मातीचं आणि पर्यायाने शेतकऱ्याचंच. नाव नीट माहीत असलं की शत्रू कोण आणि सोबती कोण, ते कळतं.

आज पोकॉक यांची १८९९ ची ती २७ पानं मोबाइलवर फुकट वाचता येतात. मुंबईच्या जर्नलचे जुने खंड डिजिटल ग्रंथालयात चढवले गेले आहेत. लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयातल्या मुलाला त्यासाठी लंडनला जायची गरज उरलेली नाही. गरज आहे ती वाणी किड्यांकडे वळणाऱ्या माणसांची. भारतात पक्षी ओळखणारे हजारो आहेत. वाणी किडा हाती घेऊन त्याची जाती सांगणारे बोटांवर मोजण्याइतके. विद्यापीठांत वर्गीकरणाचा विषय मागे पडला, संग्रहालयांतल्या जागा रिकाम्या राहतात. ही हळहळ व्यक्त करून भागणार नाही.

म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. या पावसाळ्यात रानात, बागेत, शेताच्या बांधावर वाणी दिसला तर त्याला चिरडू नका. थांबून पाहा. छायाचित्र घ्या, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा, आणि जाणकारापर्यंत पोचवा. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी वर्गीकरण हा विषय निवडायचा विचार करावा. प्राध्यापकांनी त्यांना त्यात वेळ घालवू द्यावा. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी अशा संस्थांचं सभासद व्हावं, त्यांची मासिकं विकत घ्यावीत. १८८३ मध्ये आठ जणांनी सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यापाशीही आवड आणि चिकाटी याखेरीज फारसं काही नव्हतं.

तुमच्या मुलाने ओंजळीत एखादी तपकिरी गोटी आणून ‘हा कोण?’ असं विचारलं, तर ‘टाक ते’ असं म्हणू नका. त्याच्याबरोबर बसा, आणि गोटी उलगडेपर्यंत थांबा.